महत्तम साधारण विभाजकाचे कृतिप्रधान अध्यापन

दोन किंवा अधिक नैसर्गिक संख्यांना ज्या सर्वांत मोठ्या संख्येने नि:शेष भाग जातो, तिला त्या संख्यांचा महत्तम साधारण विभाजक (संक्षेपाने म. सा. वि.) म्हणतात. उदा., २४ चे विभाजक १, २, ३, ४, ६, ८, १२ व २४ हे असून ३६ चे विभाजक १, २, ३, ४, ६, ९, १२, १८ व ३६ हे आहेत. १, २, ३, ४, ६ व १२ हे दोन्हींना साधारण असून त्यांतील सर्वांत मोठा १२ हा या संख्यांचा म. सा. वि. होय. ज्या दोन संख्यांचा म. सा. वि. १ असतो त्यांना सहमूळ संख्या म्हणतात, उदा., १५ व २८. अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देणे, गुणोत्तराचे सुलभीकरण, समान वाटप आणि बीजगणितातील पदावल्यांचे अवयव काढणे यांसाठी या संकल्पनेचा उपयोग होतो. प्राथमिक शिक्षणाच्या वरच्या इयत्तांत तिचा परिचय करून देण्यात येतो. पट्ट्या, काड्या, बिया, चौकटीचा कागद यांसारखी साधने हाताळत लहान गटांमध्ये समस्या सोडवून ही संकल्पना विद्यार्थ्यांकडूनच घडवून घेण्याच्या पद्धतीचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : साधारण विभाजकाची कल्पना मूलत: मापनातून निघाली आहे. यूक्लिड (इ. स. पू. सु. ३००) या ग्रीक गणितज्ञांच्या मूलतत्त्वे या ग्रंथाच्या सातव्या खंडाच्या आरंभीच दोन संख्यांचे महत्तम साधारण माप काढण्याची रीत दिलेली आहे. एका संख्येने दुसरीला ‘भाग जातो’ असे न म्हणता एक संख्या दुसरीला ‘मापते’, अशी यूक्लिड यांची परिभाषा आहे. संख्या तेथे रेषाखंडांनी दर्शविल्या असून मोठ्या खंडातून लहान खंड पुन:पुन्हा वजा करीत जाणे हे त्या रीतीचे स्वरूप आहे. गणितकृतीची नऊ प्रकरणे या प्राचीन चिनी ग्रंथातही अपूर्णांकाच्या संक्षेपासाठी अंश व छेद एकमेकांतून वजा करीत जाण्याची कृती सांगितली आहे.

भारतात आर्यभट (पहिले) यांच्या आर्यभटीय (४९९) या ग्रंथातील कुट्टक गणितात परस्पर भागाकाराचा अवलंब केलेला आढळतो. भास्कराचार्य (दुसरे) (१११४–८५) यांनी लीलावतीत (११५०) कुट्टकाच्या आरंभी, परस्परांना भागत गेल्यावर उरणारी शेवटची बाकी हाच दोन्ही संख्यांचा अपवर्तनांक होय, असे स्पष्ट केले आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याचा उल्लेख चाळीसगावजवळील पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात असून महाराष्ट्रातील गणिताध्यापनाच्या इतिहासात तो महत्त्वाचा मानला जातो.

रूढ अध्यापन व त्यातील उणिवा : शालेय पाठ्यक्रमात म. सा. वि. काढण्याच्या सामान्यत: तीन रीती शिकविल्या जातात : (१) विभाजकांच्या याद्या करून साधारण विभाजक निवडणे, (२) मूळ अवयव पाडून साधारण अवयवांचा गुणाकार करणे आणि (३) भागाकार रीत. या तिन्ही रीती निर्दोष आहेत. तथापि त्या केवळ कृतिक्रम म्हणून पाठ झाल्यास विद्यार्थ्याला उत्तर काढता येते, परंतु ते उत्तर कशाचे आहे हे सांगता येत नाही. त्यामुळे शाब्दिक उदाहरण पुढे येताच म. सा. वि. काढावा की लघुतम साधारण विभाज्य (ल. सा. वि.) काढावा याचा निर्णय तो अर्थावरून न करता ‘जास्तीत जास्त’, ‘कमीत कमी’ अशा शब्दांवरून करतो. शब्दरचना किंचित बदलली तरी हा आधार कोसळतो.

मराठी परिभाषेमुळे या घोटाळ्यात भरच पडते. मसावि व लसावि ही संक्षिप्त रूपे एकाच अक्षराने भिन्न आहेत. विभाजक व विभाज्य या संज्ञाही उच्चारात जवळच्या आहेत. शिवाय ‘महत्तम’ म्हणविणारी संख्या दिलेल्या संख्यांपैकी लहान संख्येहून कधीही मोठी नसते, तर ‘लघुतम’ म्हणविणारी संख्या दिलेल्या मोठ्या संख्येहून कधीही लहान नसते. महत्तम व लघुतम ही विशेषणे अनुक्रमे विभाजकांच्या व विभाज्यांच्या समूहातील स्थान दाखवितात, हे ज्याने ते समूह प्रत्यक्ष मांडून पाहिलेले नाहीत त्याला ही नावे उलटी वाटणे स्वाभाविक आहे. या ठिकाणी निर्माण झालेली संदिग्धता पुढे अपूर्णांक, गुणोत्तर व बीजगणित यांच्या अभ्यासात विद्यार्थ्याला सतत अडविते आणि गणित आपल्याला येत नाही अशी त्याची समजूत होण्यास कारणीभूत होते.

शैक्षणिक अधिष्ठान : वस्तू हाताळून शिकण्याच्या विचाराला दीर्घ परंपरा आहे. फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) यांनी १८३७ मध्ये जर्मनीत सुरू केलेल्या बालशिक्षणकार्यात ठोकळ्यांसारख्या साधनांना मध्यवर्ती स्थान होते. मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांच्या पद्धतीत मणी व दांड्या यांच्या साहाय्याने संख्याज्ञान दिले जाते. महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेपुढे मांडलेल्या योजनेत हस्तोद्योगातूनच अंकगणितादी विषय शिकविण्यावर भर होता. बेल्जियममधील शिक्षक झॉर्झ क्विझनेर यांनी १९५२ मध्ये रंगीत संख्यापट्ट्यांविषयीची पुस्तिका प्रसिद्ध केली व कालेब गात्तेग्नो (१९११–८८) यांनी या पट्ट्यांचा अनेक देशांत प्रसार केला.

जेरोम ब्रूनर (१९१५–२०१६) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये ज्ञानाच्या मांडणीचे कृतिरूप, प्रतिमारूप व चिन्हरूप असे तीन प्रकार प्रतिपादन केले. प्रस्तुत पद्धतीत हाच क्रम पाळला जातो : प्रथम वस्तूंची मांडणी, नंतर तिचे चित्र आणि अखेरीस संख्यांतील लेखन. समस्या समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि मागे वळून तपासणे, या जॉर्ज पोल्या (१८८७–१९८५) यांनी १९४५ मध्ये सांगितलेल्या चार पायऱ्याही येथे उपयुक्त ठरतात. भारतातील २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने विचारांचे गणितीकरण हे गणित शिक्षणाचे प्रमुख उद्दिष्ट मानले असून केवळ उत्तराच्या अचूकतेपेक्षा तर्कशुद्ध विचाराला प्राधान्य दिले आहे.

साधने : क्विझनेर पट्ट्या १ सेंमी. ते १० सेंमी. लांबीच्या व १ चौ. सेंमी. छेदाच्या असून प्रत्येक लांबीस ठराविक रंग असतो. त्या उपलब्ध नसल्यास जुन्या पुठ्ठ्याच्या वा वहीच्या कागदाच्या पट्ट्या, चौकटीचा कागद, चिंचोके, सागरगोटे, काड्या व सुताचा दोरा एवढे साहित्य पुरते. साधनांची किंमत वा आकर्षकता गौण असून, एकच माप अनेकदा लावून पाहता येणे आणि उरलेला भाग डोळ्यांना दिसणे, हे दोन गुण त्यांच्या ठायी असावे लागतात.

गटांसाठी समस्या : पुढील समस्या चढत्या क्रमाने मांडल्या आहेत. आरंभी म. सा. वि. ही संज्ञा शिक्षकाने उच्चारू नये. कृतीतून कल्पना स्पष्ट झाल्यावर तिला नाव द्यावे.

(१) वाटे करणे : गटाला २४ चिंचोके व ३६ सागरगोटे देऊन, काहीही न उरता सर्व वाटे एकसारखे होतील अशी वाटणी करावयास सांगतात. दोन वाटे, तीन वाटे अशी सोपी उत्तरे प्रथम येतात. जास्तीत जास्त किती वाटे होतील, या प्रश्नावर गट १२ वाट्यांपर्यंत पोहोचतो व प्रत्येक वाट्यात २ चिंचोके आणि ३ सागरगोटे येतात. त्यानंतर दुसरा प्रश्न विचारावा : चिंचोके व सागरगोटे एकत्र न करता सारख्याच संख्येचे ढीग करावयाचे झाल्यास ढीग मोठ्यात मोठा केवढा असेल? उत्तर पुन्हा १२ च येते, परंतु आता १२ ही वाट्यांची संख्या नसून ढिगाचा आकार आहे. एकच संख्या दोन भिन्न भूमिका कशी पार पाडते यावर गटात चर्चा घडणे महत्त्वाचे आहे, कारण शाब्दिक उदाहरणांत विद्यार्थी बहुधा येथेच अडखळतात.

(२) पट्ट्यांची आगगाडी : १२ व १८ सेंमी. लांबीच्या दोन पट्ट्या समांतर ठेवून, एकाच लांबीचे तुकडे ओळीने लावून दोन्ही पूर्ण झाकावयाच्या असतात. १, २, ३ व ६ सेंमी. चे तुकडे दोन्हींना पुरतात, ४ सेंमी. चा तुकडा पहिलीला बरोबर बसतो पण दुसरीवर २ सेंमी. जागा उरते, ९ सेंमी. चा तुकडा दुसरीला बसतो, पहिलीला नाही. न बसणारे तुकडेही नोंदवून ठेवावेत, कारण ‘साधारण’ या शब्दाचा अर्थ त्यांच्यामुळेच उठून दिसतो. वेगवेगळ्या गटांना वेगवेगळ्या जोड्या देऊन निष्कर्ष फळ्यावर पुढीलप्रमाणे एकत्र मांडतात : १२ व १८ साठी १, २, ३, ६, २४ व ३६ साठी १, २, ३, ४, ६, १२, १६ व ४० साठी १, २, ४, ८, १५ व २८ साठी केवळ १. ही मांडणी पाहून, प्रत्येक साधारण विभाजक हा सर्वांत मोठ्या साधारण विभाजकाचाही विभाजक असतो, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात येते. एकट्या गटाच्या नोंदीतून हा नियम दिसत नाही. सर्व गटांच्या नोंदी एकत्र आल्यावरच तो दिसू लागतो.

(३) आयत व चौरस : ३० सेंमी. लांब व १८ सेंमी. रुंद कागदातून शक्य तेवढा मोठा चौरस कापावयाचा, उरलेल्या आयतातून पुन्हा मोठ्यात मोठा चौरस कापावयाचा आणि काहीही न उरेपर्यंत ही कृती चालू ठेवावयाची. प्रथम १८ सेंमी. बाजूचा एक चौरस निघतो व १८ X १२ चा आयत उरतो. त्यातून १२ सेंमी. चा एक चौरस निघून १२ X ६ चा आयत उरतो. त्यातून ६ सेंमी. चे दोन चौरस निघतात आणि कागद संपतो. शेवटच्या चौरसाची बाजू ६ हाच ३० व १८ यांचा म. सा. वि. होय. याचे कारण विद्यार्थ्यांनीच शोधावयाचे असते. ६ ने १२ मापले जातात, म्हणून १२ + ६ म्हणजे १८ मापले जातात आणि म्हणून १८ + १२ म्हणजे ३० ही मापले जातात. यावरून ६ हा साधारण विभाजक ठरतो. उलटपक्षी जी संख्या ३० व १८ या दोहोंना मापते ती त्यांच्या वजाबाकीला, म्हणजे १२ ला, मापते आणि त्याच कारणाने १८ व १२ यांच्या वजाबाकीला, म्हणजे ६ ला, मापते. म्हणून ६ पेक्षा मोठा साधारण विभाजक असू शकत नाही. यूक्लिड यांच्या रीतीची संपूर्ण सिद्धता अशा प्रकारे कात्री व कागद यांच्या साहाय्याने हाती येते. भागाकार रीत ही या पुनरावृत्त वजाबाकीचाच संक्षेप आहे, हेही ओघानेच स्पष्ट होते.

(४) दोऱ्याचे वर्तुळ : १२ विद्यार्थी वर्तुळाकार बसतात. दोऱ्याचे टोक एकाने धरून गुंडा ठराविक अंतरावरील विद्यार्थ्याकडे द्यावयाचा व तो मूळ ठिकाणी परत येईपर्यंत हा क्रम चालवावयाचा. प्रत्येक पाचव्या विद्यार्थ्याकडे दिल्यास गुंडा सर्वांच्या हातून फिरून येतो. प्रत्येक आठव्याकडे दिल्यास केवळ तिघांच्या हाती येऊन त्रिकोण पूर्ण होतो आणि सर्वांना सामावून घेण्यास असे चार त्रिकोण लागतात. प्रत्येक नवव्याकडे दिल्यास चौघांचा चौरस होतो व असे तीन चौरस लागतात. आकृत्यांची ही संख्या १२ व उडीचे अंतर यांच्या म. सा. वि. एवढी असते. १२ व ८ या दोहोंना ४ ने भाग जात असल्याने गुंडा चार-चारच्या टप्प्यांखेरीज अन्यत्र थांबू शकत नाही. कोणाच्याही हातून गुंडा चुकू नये असे अंतर निवडा, असे सांगितल्यास विद्यार्थी १, ५, ७ व ११ ही अंतरे शोधतात आणि सहमूळ संख्यांची कल्पना त्यांना अनुभवाने येते.

(५) कर्णाचा मार्ग : चौकटीच्या कागदावर ४ X ६ चौकटींचा आयत काढून त्याचा कर्ण किती चौकटींतून जातो ते मोजावयाचे. उत्तर ८ येते. ३ X ५ साठी ७ व ६ X ९ साठी १२ येते. निरनिराळ्या गटांनी जमविलेल्या उत्तरांवरून, दोन्ही बाजूंच्या बेरजेतून त्यांचा म. सा. वि. वजा केला असता चौकटींची संख्या मिळते, असा नियम निघतो. कर्ण प्रत्येक आडवी वा उभी रेषा ओलांडताना नव्या चौकटीत शिरतो, पण जेथे दोन्ही रेषा एकाच बिंदूत ओलांडल्या जातात तेथे एक चौकट कमी मोजली जाते, हे त्याचे कारण होय. ही समस्या वरच्या इयत्तांसाठी अधिक योग्य आहे.

गटरचना व शिक्षकाची भूमिका : चार ते पाच विद्यार्थ्यांचा गट सोयीचा ठरतो. मांडणी करणे, नोंद ठेवणे, शंका उपस्थित करणे व वर्गापुढे निवेदन करणे, अशी कामे वाटून द्यावीत आणि ती प्रत्येक समस्येगणिक बदलावीत. तसे न केल्यास गटातील हुशार समजला जाणारा विद्यार्थी उत्तर काढतो व इतर ते उतरवून घेतात. जे विद्यार्थी वर्गात एरवीही मागे राहतात ते गटातही मागेच राहतात आणि गटकार्य नावापुरते उरते. अमेरिकेत एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सस राज्यातील ऑस्टिन येथील शाळांमध्ये अवलंबिलेल्या पद्धतीत प्रत्येक सदस्याकडे विषयाचा एकेक आवश्यक भाग सोपविला जाई, त्यामुळे कोणालाही वगळून काम पुरे होत नसे. भिन्न वंशांची मुले नव्यानेच एकत्र आलेल्या वर्गांतील स्पर्धा व दुरावा कमी करणे हा तिचा हेतू होता. म. सा. वि. च्या समस्यांतही प्रत्येकाकडे वेगळी लांबी वा वेगळी जोडी देऊन हे तत्त्व साधता येते. उत्तराचे निवेदन कोणी करावे हे शिक्षकाने ऐन वेळी ठरविल्यास गटातील सर्वांना ते समजावून देणे ही गटाचीच गरज बनते.

शिक्षकाने उत्तर सांगण्याऐवजी ‘याहून मोठा तुकडा का चालणार नाही?’, ‘हे उत्तर आणखी कोणत्या जोडीला लागू पडेल?’ यांसारखे प्रश्न विचारावेत. चुकीची मांडणी तत्काळ दुरुस्त न करता ती इतर गटांपुढे तपासणीसाठी ठेवावी. तासाच्या अखेरीस कृतीचे गणिती भाषेत रूपांतर करणे मात्र शिक्षकाचेच काम आहे. हा दुवा न जोडल्यास कृती केवळ करमणूक ठरते.

मर्यादा : साधने ही संकल्पनेच्या उभारणीसाठी असून ती कायमचा आधार होऊ नयेत. २,०२१ व १,७६३ यांचा म. सा. वि. पट्ट्यांनी काढणे अशक्यप्राय आहे. मूळ अवयव पाडण्याची रीतही येथे कष्टप्रद ठरते, कारण २,०२१ = ४३ X ४७ व १,७६३ = ४१ X ४३ हे सहज सुचत नाही. परस्पर भागाकाराने मात्र २५८, २१५ व ४३ अशा बाक्या येऊन चौथ्या भागाकारात नि:शेष भाग जातो व ४३ हे उत्तर मिळते. भागाकारांची संख्या लहान संख्येतील अंकांच्या पाचपटीहून अधिक असू शकत नाही, हे गाब्रिएल लामे (१७९५–१८७०) या फ्रेंच गणितज्ञांनी १८४४ मध्ये सिद्ध केले. या कार्यक्षमतेमुळेच ही प्राचीन रीत १९७७ मध्ये पुढे आलेल्या आरएसए या सांकेतिक लेखनपद्धतीत संगणकाद्वारे वापरली जाते. [⟶ संख्या सिद्धांत]. ज्या विद्यार्थ्याने आयतातून चौरस कापले आहेत त्याला या लेखी रीतीतील प्रत्येक बाकी म्हणजे उरलेल्या कागदाची रुंदी आहे, हे ठाऊक असते.

पद्धतीला वेळ अधिक लागतो व मोठ्या वर्गात गोंगाट होतो, असेही आक्षेप घेतले जातात. पाचही समस्या प्रत्येक वर्गात घेणे आवश्यक नाही; पट्ट्या व आयत या दोन समस्या नीट सोडविल्या गेल्या तरी संकल्पना व रीत या दोन्हींचा पाया घातला जातो. सरावाची उदाहरणे त्यानंतर द्यावीत. त्यांची आवश्यकता या पद्धतीने नाहीशी होत नाही.

मूल्यमापन : दिलेल्या संख्यांचा म. सा. वि. काढा, एवढ्याच प्रश्नाने आकलनाची परीक्षा होत नाही. उलट दिशेचे प्रश्न अधिक उपयुक्त ठरतात, उदा., ज्यांची बेरीज ६० व म. सा. वि. ६ आहे अशा संख्यांच्या सर्व जोड्या शोधा. दोन्ही संख्या ६ च्या पटीत असल्या पाहिजेत व त्या पटी सहमूळ असून त्यांची बेरीज १० आली पाहिजे, या विचाराने ६ व ५४ आणि १८ व ४२ या दोनच जोड्या मिळतात. एकाच जोडीवर म. सा. वि. व ल. सा. वि. या दोहोंचे एकेक शाब्दिक उदाहरण रचण्यास सांगणे, ही आणखी एक चांगली कसोटी होय. पट्टीचे समान तुकडे करणे म. सा. वि. कडे नेते, तर त्याच पट्ट्या पुढे जोडीत दोन्ही ओळी जेथे प्रथम समान होतील ते स्थान शोधणे ल. सा. वि. कडे नेते. हा भेद ज्याला आपल्या शब्दांत मांडता येतो त्याला दोन्ही संज्ञांच्या नावांचा घोटाळा होत नाही.